टोपी काढायची राहिली

"टोपी?" अलास्टर टॅनॉकने विचारलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर शुग गेमेलचा बँडचा पोशाख मांडून ठेवला होता. चुण्यांची लोकरी किल्ट, काळं जाकीट, पट्टा, गुडघ्यापर्यंतचे मोजे. अलास्टर हातातल्या यादीवर एकेका वस्तूपुढे पेन्सिलीने खूण करत होता. तो शाळेचा निवृत्त शिपाई. ऑकनबर्न गावच्या पाईप बँडचे कपडे गेली एकवीस वर्षं तोच सांभाळत होता. बँडमधला माणूस गेला की अकराव्या-बाराव्या दिवशी घरी जाऊन कपडे आणायचे, हेही त्याचंच काम होतं.

"टोपी त्याच्याबरोबर गेली," शुगची बायको सेंगा म्हणाली. "नवी करून देईन. माझ्याच हातचं काम आहे."

"त्याचं काही नाही गं. हाताखाली ठेवलीस ना? छातीवर?"

"डोक्यावर घातली."

पेन्सिल थांबली. अलास्टरने आपली स्वतःची टोपी गुडघ्यावर ठेवली होती, तिच्यावर त्याने हात ठेवला.

"डोक्यावर," तो म्हणाला.

"अर्धं डोकं भादरलं होतं त्याचं. उजव्या बाजूला सत्तावीस टाके होते. शुगला नुसतं टक्कल दाखवायची लाज वाटायची, तुम्हाला माहीतच आहे. लग्नातसुद्धा पाद्र्यासमोर टोपी काढताना कानापर्यंत लाल झाला होता. त्याला तसा कसा पाठवू? बामोरल टोपीचं सैल कापड उजवीकडेच ओढून घ्यायचं असतं. सगळे टाके झाकले गेले."

"आणि शवपेटीवाला काही बोलला नाही?"

"तो बाहेरचा, एअर शहरातून आलेला. त्याला काय ठाऊक."

ऑकनबर्नमध्ये तीनशे वर्षं टोप्या बनत आल्या आहेत. कुठे लिहून ठेवलेला नसला तरी इथे एक नियम आहे, आणि तो शाळेत जायच्या आधीच पोरांना कळतो. उंबरठ्याच्या आत आलेला पुरुष टोपी काढतो. टोपी खुंटीवर म्हणजे माणूस घरी. टोपी डोक्यावर म्हणजे माणूस वाटेत. मेलेल्या माणसाच्या हाताखाली टोपी देतात ती याचसाठी, की तो पोचला. सेंगाने चौतीस वर्षं टोप्यांना फिती आणि गोंडे लावले होते. तिला हा नियम माहीत नव्हता असं नाही. त्या सकाळी तिला फक्त टाके दिसत होते.

अलास्टरने यादी बाजूला ठेवली. मग त्याने हळूच विचारलं, "येतो का?"

सेंगाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला बारा मिनिटं कमी होती.

"चहा घ्या," ती म्हणाली. "आणि बसा थोडं."

तिने कप भरला, ओटकेकची बशी पुढे केली. बाहेर अजून उजेड होता. चार दिवस पाऊस नव्हता. सहाला दहा कमी असताना फाटकाची कडी वाजली. खडीवर सात पावलं. पायरीशेजारच्या लोखंडी पट्टीवर बूट घासल्याचा आवाज, उजवा दोनदा, डावा एकदा. त्यानंतर काही नाही.

अलास्टरने कप बशीवर ठेवला.

"डावा एकदाच," तो म्हणाला. "आळशी लेकाचा. बँडच्या खोलीतसुद्धा असंच करायचा."

त्यानेच जाऊन दार उघडलं. पायरीवर कोणी नव्हतं. फाटक लागलेलं होतं. लोखंडी पट्टीवर तांबड्या, ओल्या मातीची रेघ होती. सेंगाच्या बागेतली माती काळी आहे. तांबडी माती त्या भागात एकाच ठिकाणी आहे, कब्रस्तानाच्या टेकडीवर.

अलास्टरने दार लावलं. यादी घडी करून खिशात घातली.

"आई म्हणायची, असा माणूस दारापर्यंत येतो. आत यायचं तर टोपी काढायला हवी, आणि ती काढता येत नाही. घालणाऱ्याने घातलेली असते ना."

"मग?"

"मग काय, मला नाही माहीत, पोरी. ती एवढंच म्हणायची."

*

सेंगा कामावर जात राहिली. कारखाना ओढ्याकाठी होता, बारा बायका आणि चार पुरुषांचा. यंत्रावर विणून आलेली टोपी आधी परातीएवढी, ढिली आणि निरुपयोगी दिसते. तिला गरम साबणाच्या पाण्यात तास-दीड तास घुसळली की ती आटते, घट्ट होते, टोपी होते. मग लाकडी साच्यावर ताणून वाळवायची, ब्रशने लोकर उठवायची, आणि शेवटी सेंगाच्या बाकावर पाठवायची. आतली चामड्याची पट्टी, कडेची फीत, डावीकडचा काळा फुलोरा, वरचा लाल गोंडा आणि मागच्या दोन मोकळ्या फिती तिच्याकडे लागत. टोपी हातात घेतली की तिला मोजपट्टी न लावता डोकं कळायचं. शुगचं साडेतेवीस इंच होतं.

शेजारच्या बाकावर मोयरा बसायची. वीस वर्षं एकमेकींच्या कोपरांना कोपर लावून दोघींनी काम केलं होतं.

"काय गं, हल्ली घंटा व्हायच्या आधीच कोट चढवतेस? घरी कोणी वाट बघतंय की काय?"

"बघतंय."

"देवा! नाव तरी सांग."

"आधी तुझा गोंडा नीट लाव. टोपीवर बसलाय की टोपीवरून पडलाय, कळत नाही."

मोयरा हसली. सेंगाही हसली, आणि पाच वाजता सगळ्यांच्या आधी निघाली.

कारण खरंच कोणीतरी वाट बघत होतं, किंवा ती कोणाची तरी बघत होती. पहिल्या आठवड्यात ती घाबरली होती. दुसऱ्या आठवड्यात तिने केस विंचरायला सुरुवात केली. सहाला पंधरा कमी असताना ती दारामागे जाऊन उभी राहायची. दाराला काच नव्हती. कडी, सात पावलं, उजवा दोनदा, डावा एकदा. मग फटीतून दुधाच्या निवळीचा आंबूस वास यायचा. शुग चीजच्या कारखान्यात होता, तो वास त्याच्या अंगाला आणि टोप्यांना कायमचा असायचा. पूर्वी ती त्यावरून त्याला बोलायची. आता ती दाराला कपाळ टेकवून दिवसभरातलं सांगायची. मोयराचा गोंडा, बटाट्याचा भाव, कॅनडातल्या लेकीचा फोन. पलीकडून उत्तर यायचं नाही. तसं जिवंतपणीही फारसं यायचं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळं दर हिवाळ्याप्रमाणे तासभर मागे गेली. सोमवारी सहाला दहा कमी असताना कडी वाजली नाही. सेंगा सात वाजेपर्यंत दारामागे उभी राहिली. मंगळवारी ती पोट दुखतंय सांगून चार वाजताच घरी आली. पाचला दहा कमी असताना कडी वाजली. घड्याळं बदलली हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिने रोज चारला सुटी मागून घेतली.

नोव्हेंबर लागला तसा पाऊस सुरू झाला. पाचच्या सुमाराला आता अंधारून यायचं. पहिल्यांदा तो मिनिटभर थांबायचा आणि वास विरून जायचा. आता पंधरा मिनिटं थांबू लागला, मग अर्धा तास. टोपीच्या फितींवरून पायरीवर पाणी ठिबकल्याचा आवाज यायचा. ठिबक, ठिबक. एका गुरुवारी तिने आणखी एक आवाज ऐकला. भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतल्याचा. थोड्या वेळाने परत पहिल्यावर. शुगचा डावा गुडघा अधू होता. मिरवणूक निघायला उशीर झाला की तो ढोल गळ्यात घेऊन असाच पाय बदलत राहायचा, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही.

सेंगाने दार उघडलं. पाऊस आत आला.

"ये ना आत," ती म्हणाली. "अरे, ये. मी काही म्हणणार नाही."

आवाज थांबला. पायरी रिकामी होती. दार लावल्यावर पुन्हा पाय बदलल्याचा आवाज आला.

त्या रात्रीच्या जेवणाला तिने हात लावला नाही. तिला कळून चुकलं होतं की ती रोज आपलं माणूस भेटतंय म्हणून केस विंचरत होती, आणि तिचं माणूस पावसात उभं होतं.

*

दुसऱ्या दिवशी तिने साडेतेवीस इंचाची टोपी घेतली. बँडला तेरा टोप्या लागतात, तेरावी द्यायचीच होती. पट्टी, फुलोरा, गोंडा, फिती. मोयराने पाहिलं आणि काही विचारलं नाही. साडेतेवीस कोणाचं, हे तिलाही माहीत होतं.

सेंगाने ती टोपी घरी नेऊन दाराच्या आतल्या खुंटीवर अडकवली. तिथे शुगच्या कामावरच्या दोन चपट्या टोप्या आणि लग्नातली जुनी बामोरल आधीपासून होती. त्यांचा उपयोग नव्हता. त्या कधीच घरी येऊन पोचलेल्या होत्या. पण ही नवी खुंटीवर आहे म्हणजे माणूस घरी, असं तिला वाटलं.

पाचला दहा कमी असताना पावलं आली आणि पस्तीस मिनिटं उभी राहिली.

शनिवारी अलास्टर नवी टोपी न्यायला आला. सेंगाने टोपी दिली नाही. तिने सगळं सांगितलं, पाय बदलण्याचंही.

"जी टोपी बाहेर गेलीच नाही ती घरी कशी येईल?" ती म्हणाली. "चूक माझी. हिला आधी तिथे न्यायला हवी. तिथून घालून यायला हवं. आणि आत येऊन काढायला हवी. त्याला जमत नाही तर कोणीतरी त्याच्यासाठी."

"कोणीतरी कोण?"

"घालणारीने घातली ना? काढणारीही तीच."

अलास्टरने खिडकीबाहेर बघत विचार केला. मग तो म्हणाला, "बँडची टोपी पँटवर किंवा झग्यावर कोणी घालायची नाही. टोपी असेल तर किल्ट असेल. मी एकवीस वर्षं हे कोणाला मोडू दिलं नाही. महापौर आला होता तेव्हासुद्धा."

"म्हणजे नको म्हणता?"

"म्हणजे मी किल्ट घेऊन येतो."

"अलास्टर," ती थोड्या वेळाने म्हणाली, "ती काढली की तो पुन्हा येणार नाही."

"नाही येणार."

"कडीसुद्धा वाजणार नाही."

"ते मी तुला काय सांगू, पोरी," अलास्टर म्हणाला. "माझी मेरियन गेली तेव्हा मी सगळं नीट केलं होतं. तेरा वर्षं झाली. एकदासुद्धा वाजली नाही."

*

सोमवारी साडेतीनला दोघं कब्रस्तानाच्या फाटकापाशी आले. पाऊस थांबला होता, वारा होता. शुगची किल्ट सेंगाच्या अंगावर शेवटच्या भोकात पट्टा अडकवूनही ढिली होती. अलास्टरने घोंगडीची मोठी पिन आणली होती, ती त्याने बाजूला लावली, चुण्या मागे सारख्या केल्या आणि मागे सरून पाहिलं.

"वजन फार आहे हो हिचं," सेंगा म्हणाली.

"आठ वार लोकर आहे. तो ढोल घेऊन वर हे नेसायचा. आणि तू म्हणायचीस आळशी."

"आळशी तुम्ही म्हणालात."

"बरं, मी म्हणालो."

आत ती एकटी गेली. तांबडा ढिगारा अजून बसला नव्हता. तिने टोपी मातीवर ठेवली, दहा मिनिटं तशीच ठेवली, मग उचलून डोक्यावर घातली. तिचं डोकं साडेएकवीस इंच. टोपी कानांवर घसरली, भुवयांवर आली. तिने फुलोरा डाव्या डोळ्याच्या वर आणला, कापड उजवीकडे ओढलं, फिती मानेच्या मधोमध घेतल्या. टोपी पुन्हा घसरली.

"चल," ती म्हणाली.

फाटकातून बाहेर येताना अलास्टर डोकं उघडं ठेवून उभा होता. तो तिच्याशी बोलला नाही आणि मागेही आला नाही.

टेकडीपासून घरापर्यंत पावणेदोन मैल रस्ता आहे. पहिला अर्धा मैल सेंगा एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने किल्ट धरून चालली. वारा ओढ्याकडून येत होता. कुंपणापलीकडच्या गायी चरायच्या थांबून रस्त्याकडे बघत राहिल्या, ती पुढे गेली तरी त्यांच्या माना वळल्या नाहीत. त्या तिच्या मागे काहीतरी बघत होत्या. तिने वळून पाहिलं नाही. चीजच्या कारखान्यापाशी तिला आपल्या पावलांमध्ये आणखी एक पाऊल ऐकू आलं, अर्ध्या ठेक्याने मागे. ती थांबली की थांबायचं. तिने ठेका थोडा हळू केला, अधू गुडघ्याला झेपेल असा. मग दोन्ही पावलं एकत्र पडू लागली आणि तिला एकच आवाज येऊ लागला.

पुलावरून एक बस गावाकडे गेली. खिडक्यांत दिवे होते. बस हळू झाली, पुन्हा वेगात गेली.

आपल्या फाटकाशी पोचून तिने कडी काढली. कडीचा आवाज तिच्या हातानेच झाला. खडीवर सात पावलं. पायरीपाशी आल्यावर तिने बूट घासले, उजवा दोनदा. डावा घासायला पाय उचलला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात आहेत. टोपी कधीपासून तिने धरलेली नव्हती. ती हलत नव्हती. साडेतेवीस इंचाची टोपी तिच्या डोक्यावर जिथल्या तिथे, गच्च आणि ऊबदार बसली होती.

घरातल्या घड्याळाने पाचला दहा कमी दाखवली असतील. ती दार उघडून आत आली आणि दार तिने उघडंच ठेवलं.

आता एवढंच करायचं होतं, आणि हात वर जात नव्हता. टोपी तशीच ठेवली असती, डोक्यावर घेऊन परत बाहेर गेली असती, तर उद्या कडी वाजली असती. परवाही वाजली असती. कोणाला काही कळलं नसतं. अलास्टरही काही बोलला नसता. सेंगा खुंटीसमोर उभी राहिली. तिच्या मानेमागे आंबूस वास होता, आणि अगदी जवळ, कोणीतरी भार डाव्या पायावरून उजव्यावर घेतला.

"दमलास रे," ती म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी टोपी काढली आणि खुंटीवर अडकवली.

मग तिने दार लावलं, स्वयंपाकघरात जाऊन किटली ठेवली, दोन कप काढले. तिची पाठ टेबलाकडे होती. खिडकीकडची खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. तिच्यावर वजन टेकल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही. दुसरा कप मागे न बघता, हात लांब करून टेबलावर ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच आपला चहा प्यायली. अंधार पुरता पडल्यावर तिने दिवा लावला. खुर्ची टेबलापासून हातभर मागे होती. कप भरलेला होता आणि गार झाला होता.

*

"काल मी रडले गं," मंगळवारी मोयरा म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडून लवकर परत येत होते, तर बसमधून बँडचा कोणीतरी दिसला पुलावर. एकटाच चालला होता, किल्ट, टोपी, सगळं. चाल अगदी तुझ्या शुगची. मी ड्रायव्हरला थांब म्हणाले. मग म्हटलं, मोयरा, वेडी आहेस का. काय म्हणतील लोक."

"चेहरा दिसला?"

"नाही गं. टोपी होती ना."

सेंगाने सुईत दोरा ओवला. पाच वाजता घंटा झाल्यावर ती सगळ्यांबरोबर निघाली.

शनिवारी अलास्टर यादी घेऊन आला. दारात त्याने आपली टोपी काढली आणि हातात धरली. सेंगाने किल्ट घडी करून ठेवली होती. ती त्याने पिशवीत घातली, यादीवर खूण केली आणि खुंटीपाशी जाऊन नवी बामोरल उतरवली.

त्याने ती उलटी करून आत पाहिलं. चामड्याची पट्टी घामाने काळी झाली होती, जुन्या टोपीची होते तशी. कापड उजवीकडे कायमचं झुकलं होतं. अलास्टरने टोपी नाकाशी नेली आणि लगेच बाजूला केली.

"किती दिवसांची म्हणालीस ही?"

"आठ."

त्याने टोपी पुन्हा खुंटीवर ठेवली. फिती बोटांनी सरळ केल्या. यादी काढून तिच्यावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"तेरावी टोपी अजून यायची आहे, असं लिहिलं. सवडीने कर दुसरी. घाई नाही."

तिने चहा केला. दोघं स्वयंपाकघरात बसले. अलास्टर खिडकीकडच्या खुर्चीवर बसला नाही, दारापाशी स्टूल होतं ते त्याने ओढून घेतलं. थोडं बँडबद्दल बोलणं झालं, थोडं पावसाबद्दल. पाचला पंधरा कमी झाल्यावर दोघंही बोलायचे थांबले. घड्याळाचा काटा दहावर आला, तिथून पुढे गेला, बारावर टेकला. बाहेर पाऊस पडत होता. पायरीवर नुसता पाऊस पडत होता.

"बरं," अलास्टर म्हणाला आणि उठला.

सेंगा त्याला दारापर्यंत सोडायला आली. पाऊस जोरात होता आणि अलास्टरच्या डोक्यावर फारसे केस उरले नव्हते. तो पायरी उतरला, सात पावलं चालला, फाटकाची कडी त्याने आवाज होऊ न देता काढली आणि तशीच लावली. आपली टोपी त्याने रस्त्यावर गेल्यानंतर घातली.